गाडी नक्की किती देते?

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा सकाळी दुकान उघडायच्या आधी मी एका परक्या माणसाच्या अंगणात पाठीवर आडवा होऊन गाडीचं पोट बघत होतो. तेल गळतंय का, गंज चढलाय का, तेवढं खालून बघून घ्यावं असं कोणीतरी सांगितलं होतं. मला दिसलं ते एक झोपलेलं मांजर. त्याने एक डोळा उघडला, माझी पत ओळखली आणि पुन्हा मिटला. गाडीचे मालक गुरांचे डॉक्टर आहेत, आता निवृत्त झाले. तेही वाकून माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले की काही सापडलं तर मलाही सांगा, मी आठ वर्षांत एकदाही खाली गेलेलो नाही.

सरळच लिहितो. गाडी घ्यायचा विचार आहे. जुनी, डिझेलची. आबांना इकडे आणायचं म्हणून. गेल्या वर्षी बसची पायरी चढताना त्यांचा खुबा धरला आणि तेव्हापासून ते तुझ्या घराबाहेर पडलेले नाहीत, हे माझ्या मनातून जात नाही. इतकी वर्षं सगळं तू एकटीने केलंस. निदान सहा महिने तरी त्यांनी माझ्याकडे राहावं, तुलाही जरा उसंत मिळावी.

घोडं अडलंय ते अ‍ॅव्हरेजवर. डॉक्टर म्हणतात, लिटरला बावीस किलोमीटर देते. दुकानासमोरचा गॅरेजवाला म्हणतो की बारा दिले तरी देवाचे आभार मान. मेहुणे, म्हणजे हिचे भाऊ, म्हणतात अठरा धरून चाल, आणि ते गाडी न बघताच म्हणतात. तुला ठाऊक आहे, मी दिवसभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतो. एकच वजन तीन काट्यांवर तीन आकडे दाखवू लागलं तर मी तिन्ही काटे बंद करायला लावतो. इथे काय बंद करायला लावू? तिघांची तोंडं?

तू म्हणशील, एवढ्या तेवढ्याने काय बिघडतं. बिघडतं, ताई. गाडी फार प्यायला लागली तर मी आबांना एकदा थाटात आणीन, आणि मग प्रत्येक फेरीआधी मनात आकडेमोड सुरू होईल. या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात बघू. बापाची भेट मला अशी काट्यावर घालायची नाही. म्हणून आधीच खरं काय ते कळलेलं बरं. सकाळी देवापुढे बसतो तरी डोळ्यांसमोर टाकी येते. काल प्रार्थना अर्धी ठेवून उठलो आणि गावच्या शाळेत मास्तर मांडायला लावायचे तसं त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं नाही. देवही काही बोलला नाही. त्याची बहुधा पेट्रोलची असावी.

तू बारा वर्षं शाळेची व्हॅन चालवलीस. मला गाडी शिकवलीस तीही तूच. काय करू, ते सांग.

आबांना हे वाचून दाखव. फोनवर त्यांना माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं पटत नाही.

लोभ आहे तो वाढावा. त्याला डिझेल लागत नाही, हे एक बरं.

तुझा,
तोळोबा

---

दि. ९ फेब्रुवारी

चि. तोळोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. मांजरापाशी आले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले की गाडी घेईल तेव्हा घेईल, त्या मांजराला आधी विचारायला सांग. त्याला गाडीची खडान्‌खडा माहिती असणार.

लहानपणी घरात काही वाटायचं झालं की तू तराजू घेऊन बसायचास, म्हणून तुझं नाव तोळोबा पडलं. आता पन्नाशी आली तरी त्या नावाला जागतो आहेस. अरे, गाडी म्हणजे काय साखर आहे, पुडीत बांधून द्यायला?

चार वर्षांपूर्वी शाळेने मोठी बस घेतली आणि माझी व्हॅन गेली. आता मी कोण सांगणारी? पण विचारलंसच म्हणून लिहिते. गाडी किती देते हे मालकाला विचारूच नये. ती कुठल्या रस्त्यावर चालली ते विचारावं. डॉक्टर गुरं तपासायला लांबलांब जायचे की बाजारापुरतेच बाहेर पडायचे? सकाळी इंजिन गार असताना चालू करून बघितलंस का? धूर काळा की पांढरा? क्लच वरच धरतो की पार खाली गेल्यावर? चारी टायर एकाच वयाचे आहेत का? चौथ्या गिअरमध्ये हळू चालवून मग एकदम पाय दाबला तर गाडी अडखळते की ओढून घेते? काल आमच्या घरावरून तसलीच एक गाडी गेली, तिचा टर्बो छान शिटी घालत होता. मी काही कान देऊन ऐकत नव्हते. वाळत घातलेले कपडे काढत होते.

शिवाय गाडी चालवणार कोण, हाही मुद्दा आहेच. तू गाडी चालवतोस ती डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असल्यासारखी. तू व्हॅनवर शिकत होतास तेव्हा आतली पहिलीतली मुलंसुद्धा मला विचारायची की मामा पोचणार कधी.

आबा बरे आहेत. दिवसभर खिडकीत बसतात आणि रस्त्यावरून जाणारे ट्रक आवाजावरून ओळखतात. रिकामा कुठला, भरलेला कुठला, तेही सांगतात. हयात सगळी रस्त्याच्या कामावर मुकादमी करण्यात गेली, त्यामुळे रस्त्याकडे पाठ करून बसणं त्यांना जमत नाही. तुझ्याकडे यायचा विषय काढला की मात्र तुझे जिने किती आहेत ते मला विचारतात. मी सांगते. मग पुन्हा रस्त्याकडे बघत बसतात.

भावजयीला म्हणावं, धीर धर. तुझा तराजू तिच्यावर आहेच, माझी मायाही आहे.

तुझी,
ताई

---

दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचताना आबांना पाणी देऊन ठेव. त्यांना ठसका लागेल.

डॉक्टर भला माणूस. एक अख्खा दिवस गाडी माझ्या हवाली केली आणि म्हणाले, तुम्हीच मोजून बघा. ते गुरं तपासायला कुठे जायचे तेही तुझ्या सांगण्यावरून विचारलं. हमरस्त्याने, लांबलांब. मी पंपावर टाकी तोंडापर्यंत भरून घेतली. आता दुसरा कोणी असता तर लगेच निघाला असता. पण आमच्या धंद्यात माल तोलण्याआधी भांड्याचा धडा करावा लागतो. रिकाम्या भांड्याचं वजन बाजूला काढल्याशिवाय मालाचं खरं वजन कळत नाही. म्हटलं, गाडीतही कोणाकोणाचं ओझं असेल, ते कशाला मोजायचं? म्हणून पायाखालच्या चटया काढल्या. डिकीतली गुरांच्या औषधांची जुनी पेटी काढली. जॅक काढला. आणि जादाचं चाक काढून डॉक्टरांच्या ओसरीवर ठेवलं.

हिला बरोबर घेतलं होतं. हिची पिशवीसुद्धा मी उतरवून ठेवायला सांगितली. तेव्हा हिने विचारलं की मीही उतरू का, की मला धड्यात धरलंय. मी उत्तर दिलं नाही. देवाने काही वेळा मला बुद्धी दिली आहे.

गाडी छान पळत होती. तुझी घागर डोक्यावर घेऊन मी तुमच्याकडच्या रस्त्याने बरंच अंतर पार केलं, हवा गार होती, दोन्ही बाजूंना मोकळं रान. हिलाही बरं वाटत होतं, ते ती बोलत नव्हती यावरून कळलं. आणि पुलाच्या पुढे एका कडेच्या दगडावर मागचं चाक बसलं.

पुढचं तुला सांगायला नको. पंक्चर झालेली गाडी, आत जॅक नाही, चाक नाही, आणि चाक कुठे आहे ते मला अगदी नेमकं ठाऊक. हिने रस्त्याच्या कडेला बसून एकच गोष्ट विचारली, की आता गाडी आणखी हलकी झाली असेल ना, चौथ्या चाकातली हवा गेली तेव्हा. एक कोंबड्यांचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरने डिकी उघडून बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग डिकी हळूच लावली. त्या हळूपणाचं मला फार वाईट वाटलं. शेवटी डॉक्टरांना फोन केला. ते स्कूटरवर मागे चाक बांधून आले. त्यांना हसू आवरत नव्हतं. म्हणाले, आयुष्यभर गुरांनी मला लाथा मारल्या, पण एवढं रस्त्याने कोणी पळवलं नाही.

या सगळ्या गोंधळात आकडा काही मिळाला नाही. इंजिन चालू ठेवून मी वाट बघत बसलो होतो, कारण बॅटरीबद्दल कोणीतरी काहीतरी सांगितलं होतं. उभ्या गाडीने डिझेल खाल्लं ते कोणाच्या खात्यावर धरू?

पण मी हार मानलेली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या पुढच्या खोलीत आबांची खाट खिडकीशी लावून ठेवली आहे. तिथून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. पण उजेड चांगला येतो.

ठसका थांबल्यावर आबांना माझा नमस्कार सांग. माया पूर्वीइतकीच ठेव. ती उतरवून मोजायची नाही, हे मला आता कळलंय.

तुझा,
तोळोबा

---

दि. २७ फेब्रुवारी

चि. तोळोबास,
अ. उ. आ.

पाणी दिलं होतं. तरी ठसका लागलाच. आबा इतके हसले की शेजारची बाई काय झालं म्हणून दारात आली, मग तिलाही पहिल्यापासून वाचून दाखवावं लागलं. आता आमच्या गल्लीत कोणाचं काही विसरलं की त्याचा धडा झाला असं म्हणतात. तू न येताच इथे नाव कमावलंस.

आबांनी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत. तो दगड कडेचा होता की वरून निखळलेला? पुलाच्या अलीकडची खडी अजून दाबलेली आहे की उखडली? आणि तू इतक्या लांब गेलाच होतास तर पुढे खिंडीपर्यंत का गेला नाहीस? खिंड तिथून अजून दोन-अडीच तास आहे हे मी सांगून बघितलं. त्यावर म्हणाले की पंक्चर होईपर्यंत गेला, तसाच पुढेही गेला असता. खिंडीतली दगडी भिंत त्यांच्या टोळीने बांधली, ते तुला ठाऊकच आहे. इथून ती तासाभरावर. पण ते तिथे शेवटचे कधी गेले ते त्यांनाही आठवत नाही आणि मलाही. माझ्या व्हॅनला शाळेच्या रस्त्याबाहेर जायची परवानगी नव्हती.

डॉक्टरांच्या गाडीचं अर्ध्या वाटेत काय झालं ते कळलं, पण मी विचारलेलं एकही तू कळवलेलं नाहीस. चौथ्यात ओढते की नाही? क्लच? एवढा रस्ता चालवलास आणि तुला बायकोची पिशवी तेवढी आठवते.

आता पुढचं मी आबांना वाचून दाखवणार नाही. तूही पत्रात त्याचं उत्तर लिहू नकोस, कारण तुझं पत्र ते अख्खं ऐकून घेतात, मधलं वगळलं तर त्यांना कळतं.

त्यांना तुझ्याकडे यायचं नाही, तोळोबा. तुझ्यावर राग नाही. खाटेचं ऐकलं तेव्हा डोळे पुसले त्यांनी. पण रात्री जेवताना म्हणाले की तिसऱ्या मजल्यावर मला गोणीसारखं वर नेतील, आणि खाली आणतील तेव्हाही गोणीसारखंच. मधले सगळे दिवस मी भिंत बघू का? मग म्हणाले की पोरगा एवढ्या हौसेने गाडी बघतोय, त्याला हे सांगू नकोस, मी जाईन. आणि तेव्हापासून खिडकीतही बसत नाहीत. परवा पांढरा टँकर गेला, त्यांनी मान वर केली नाही. आबांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की माणूस असा बसून राहिला तर पाय आधी जातात आणि मन मागोमाग. त्यांना बाहेर काढा. पण पायी मी काढू तरी कसं?

हे लिहावं की न लिहावं, दोन दिवस ठरत नव्हतं. तू मला मोजूनमापून सांगायला शिकवलं नाहीस, म्हणून आहे ते लिहिलं.

भावजयीची पिशवी तिला परत दे. तुम्हा दोघांवर माझा जीव आहे तसाच असू द्यावा.

तुझी,
ताई

---

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आबांना पूर्ण वाचून दाखवलंस तरी चालेल.

अ‍ॅव्हरेज सापडलं. डॉक्टरांनी गाडी पुन्हा दिली, या वेळी चाक स्वतः डिकीत ठेवून आणि वर हात ठेवून उभं राहून. मी या वेळी काहीही उतरवलं नाही. चटया, पेटी, जॅक, हिची पिशवी, पिशवीत हिने मुद्दाम घेतलेला खलबत्ता, सगळं आत. आणि ही.

आधी चार दिवस आमच्या गल्लीबोळांत चालवली. घर ते दुकान, दुकान ते बाजार, प्रत्येक वळणावर हातगाडी, प्रत्येक हातगाडीमागे मी. लिटरला बारा पडले. गॅरेजवाल्याचा शब्द खरा. मग टाकी पुन्हा भरून हमरस्त्याला लागलो आणि दिवसभर हिंडलो. लिटरला एकवीस, आणि वर थोडं. डॉक्टरांचा शब्द खरा. दोन्ही वेळांची गोळाबेरीज केली तर मेहुण्यांचा अठराही कुठेतरी बसत असेल, पण तेवढं मी त्यांना कळवलेलं नाही.

म्हणजे कोणीच खोटं बोललं नव्हतं. मी आपला महिनाभर माणसं तपासत बसलो. गॅरेजवाल्याने मग नीट समजावलं. या गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत काजळी धरणारी जाळी असते. लांब रस्त्यावर इंजिन तापलं की ती आपोआप जळून साफ होते. गार इंजिनाने गल्लीत फिरवत राहिलं तर तुंबते, आणि मग गाडी पिते खूप, चालते कमी. माझं घर आणि दुकान यांच्यामध्ये ती तापतसुद्धा नाही. त्याने मला विचारलं की तुझा लांबचा रस्ता कुठला? मी म्हटलं, बहिणीचा. तो म्हणाला, महिन्यातून एकदा?

तू विचारलेलं सगळं कळवतो. धूर पहिल्या मिनिटाला पांढरट, मग काही नाही. क्लच मधोमध धरतो. टायर तीन एका वयाचे, चौथा माझ्या कृपेने नवा. आणि चौथ्या गिअरमध्ये ओढते, ताई. मलाच भीती वाटली एवढं ओढते.

गेल्या आठवड्यात सकाळी देवापुढे बराच वेळ बसलो. काही मागितलं नाही. मागायचं काय तेच ठरत नव्हतं. उठलो तेव्हा मन जरा निवलं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो आणि गाडी घेतली. हिला वाटतंय की माझं डोकं फिरलं, कारण बारा देणारी गाडी मी बारा देणाऱ्याच गल्लीत आणून उभी केली आहे.

येत्या शनिवारी मी गाडी घेऊन येतो. रविवारी आपण तिघं खिंडीत जाऊ. आबांना सांग, दगड वरून निखळलेलाच होता. तेवढं मी उतरून बघितलं होतं.

दार उघडं ठेव, मनही. आल्यावर चिडवायला भरपूर वेळ आहे.

तुझा,
तोळोबा

---

दि. १६ मार्च, सोमवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, चहाच्या भांड्याखाली ठेवतो आहे. तुम्ही दोघं अजून उठलेले नाहीत. पहिली बस थोड्याच वेळात आहे, म्हणून जरा घाईत लिहितो.

काल सकाळी मी गाडी चालवत होतो तेव्हा समोरच्या पट्टीवर आकडा दिसत होता, गाडी आत्ता किती देते आहे तो. पाय जरा दाबला की उतरायचा, सैल सोडला की चढायचा. मी त्याच्याकडे बघत गेलो. आबा शेजारी बसले होते आणि त्यांनी दोनदा विचारलं की आपण या ट्रॅक्टरच्या मागे का जातोय, तो ओळखीचा आहे का. मागे तू होतीस. प्रत्येक वळणाला तुझा पाय माझ्या सीटखाली दाबला जात होता. मला पाठीत जाणवत होतं. तू मागे बसून गाडी चालवत होतीस, ताई.

चढ लागण्याआधी पाठ भरून आली म्हणून मी उतरलो आणि चाक तुझ्या हातात दिलं. माझी पाठ उत्तम होती. तू सीट पुढे घेतलीस, आरसा फिरवलास, पट्टा ओढलास, गिअर एकदा नुसताच हलवून बघितलास. मला वाटलं होतं तुला आठवावं लागेल. आबांनी मान तुझ्याकडे वळवली आणि मग जी समोर लावली ती खिंड येईपर्यंत हलवली नाही. रस्त्याखालची मोरी आली की सांगत होते, वळण यायच्या आधी वळण सांगत होते. तू दर वेळी हो आबा म्हणत होतीस. मागच्या सीटवर मला कोणी विचारत नव्हतं. बऱ्याच वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

ते भिंतीला हात लावून उभे राहिले तेव्हा मी जरा लांबच थांबलो. माझे ओठ हलत होते, ते तुला दिसलं असेल. तू हसलीस. मी आकडेमोड करतोय असं वाटलं असेल तुला. करत नव्हतो.

परत येताना आबांनी पुढच्या रविवारी कुठे जायचं ते विचारलं. मला नाही, तुला विचारलं. नदीपलीकडचा रस्ता, जिथे त्यांनी पहिल्यांदा टोळी सांभाळली तिथे नेशील का म्हणून. तू पटकन आरशात माझ्याकडे बघितलंस, जसं एखादी मुलगी दुसऱ्याची वस्तू हातात घेऊन बघते. त्या वेळी माझं ठरलं. खरं म्हणजे गाडी घेतली त्या सकाळीच थोडं ठरलं होतं. पण माझं तुला ठाऊक आहे, दोनदा तोलल्याशिवाय माझा हात सुटत नाही.

गाडीची किल्ली या पत्राशेजारी आहे. गाडी मी नेत नाही. ती माझ्याकडे गल्लीत गारठून तुंबेल. तुझ्या दारातून बाहेर पडलं की लांबचा रस्ता आहे, आणि तो कुठे न्यायचा ते सांगणारा माणूस घरात आहे. कागद गाडीतल्या खणात आहेत. ते तुझ्या नावाचे केलेत, डॉक्टरांनी त्यांच्या सह्या आधीच करून दिल्यात. तुझ्या सहीच्या जागी मी पेन्सिलने फुल्या मारल्या आहेत. परत करीन म्हणू नकोस. परत करायला तुला पाच तास ती चालवत यावं लागेल, आणि तेवढं चालवल्यावर ती तुझ्याच्याने सोडवायची नाही. आलीसच तर हिला भेटून, जेवून, चालवत परत जा.

आबांच्या खाटेचं मी बघतो. खिडकीत हिच्या कुंड्या ठेवीन म्हणतो, ती कधीची मागे लागली आहे. आबांना माझ्याकडे आणायचं मनातून काढलं. आता मीच बसने येत जाईन, महिन्यातून एकदा, आणि मागच्या सीटवर बसेन.

त्यांना उठल्यावर सांग, मी घाईत निघालो. काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. म्हणतील की याने गाडी घ्यायची आणि बसने जायचं. म्हणू देत. हसले तर पाणी दे.

बस आली वाटतं. माया आहे तशी राहू दे, आणि गाडी किती देते ते मला कधीही कळवू नकोस.

तुझा,
तोळोबा